मिनिटाला चोवीस थेंब

कला सिस्टरने माझ्या ब्लाऊजच्या खालच्या दोन हुकांवर चिकटपट्टी लावली आणि बॉलपेनने तिच्यावर लिहिलं : उपाशी, सकाळी ८ पासून.

"अहो सिस्टर, उपाशी हिला ठेवायचंय ना?" मी मांडीवरच्या तृप्तीकडे बघून म्हटलं.

"हिला लावून काय उपयोग? ही काय स्वतः उठून पिणारे?" पट्टीवरून अंगठा दाबून फिरवत ती म्हणाली. "सतरा वर्षं झाली मला इथे. बाया शपथेवर सांगतात, सिस्टर, नाही पाजलं. आणि भूल दिल्यावर पोराच्या तोंडातून दूध येतं. ते श्वासात गेलं की संपलं. म्हणून मी सील आईलाच लावते." मग तृप्तीच्या गालाला बोट लावून हसली. "नाव तृप्ती आणि आज उपास. काय गं, कुणी ठेवलं हे नाव?"

नाव मीच ठेवलं होतं. बारशाच्या दिवशी ती पोटभर पिऊन पाळण्यात अशी पसरली होती, की दुसरं काही सुचलंच नाही.

तिला चौथा महिना सरत आला होता. दोन्ही डोळ्यांत जन्मापासूनचा मोतीबिंदू. म्हाताऱ्या माणसांचं दुखणं तान्ह्या बाळाला कसं होईल, असं आमच्या घरात सगळ्यांनाच वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, काही पोरांची नजर उशिरा ठरते. मला मात्र कळायचं की ही माझ्याकडे वळत नाही, माझ्या वासाकडे वळते. शेवंती तोडून आले की तिचं तोंड माझ्या हातांकडे फिरायचं, पान्हा आला की छातीकडे. चेहऱ्याकडे कधीच नाही. मग एकदा ओट्यावर तेल लावताना उन्हाची तिरीप नेमकी तिच्या डोळ्यावर आली आणि काळ्या बाहुलीच्या आत मला सायीचा ठिपका दिसला.

डोळ्यांच्या मॅडमनी दोनच मिनिटं बघितलं. "आत्ताच उशीर झालाय," त्या म्हणाल्या. "नुसता डोळा उघडून भागत नाही, मेंदूने त्याला ओळखायला हवं. बाहेरून काही येतच नसेल तर मेंदू ती खिडकी विसरून जातो. या मंगळवारी एक डोळा करू, एक खिडकी तरी उघडून ठेवू. मंगळवार चुकला तर पुढे तीन आठवडे मी इथे नाही. आणि तीन आठवडे हिच्याकडे नाहीत."

म्हणून दोन हजार एक सालच्या फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी आम्ही मखमलाबादहून गंगापूर रोडच्या त्या बंगलेवजा दवाखान्यात आलो. मंगळवारी, कारण तान्ह्या मुलांना भूल देणारे देवरे डॉक्टर त्याच दिवशी येत. ऑपरेशन दुपारी एकला. तृप्तीचे बाबा, ज्ञानेश, आम्हाला सोडून एम-एटी गाडीवर फुलांची पोती घेऊन बाजारात गेले. शेवंती कुणासाठी थांबत नाही.

खोलीत दोन खाटा होत्या, मधे हिरवा पडदा. पडदा अर्धा सरकवलेला होता. पलीकडे पेठकडच्या सरुबाई. दोन्ही डोळ्यांना पिकलेला मोतीबिंदू, आज त्यांचाही एक डोळा होता. पुतण्या त्यांना खाटेवर बसवून भाकर शोधायला गेला तो गेलाच. हाताला बाटली लावली होती. डोळ्यातला भार उतरवायची बाटली, असं सिस्टर म्हणाली. तो भार कुठून उतरतो ते थोड्याच वेळात कळलं.

"पोरी, चल गं परत."

"आत्ताच तर जाऊन आलो, सरुबाई."

"मी काय करू? वरून बाटलीत भरतंय अन् खालून... मी निस्ती मधली नळी झालीय."

तृप्तीच्या दोन्ही बाजूंना उशा लावून मी एका हातात त्यांची बाटली उंच धरायची आणि दुसऱ्या हाताने त्यांना धरून न्यायची. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला परत येताना मी विचारलं, "तुम्हाला दिसतं काय नक्की?"

"दूध," त्या लगेच म्हणाल्या. जणू कुणी विचारायचीच वाट बघत होत्या. "समद्या बाजूनं दूध. म्होरं माणूस आलं की ते दूध हालतं, येवढंच. भाताच्या आवणीच्या दिसांत आमच्या डोंगरावर धुकं बसतं, तसं. पर धुकं दुपारी वर जातं, ह्ये जात नाय." खाटेवर बसत त्यांनी चाचपून तृप्तीचं पाऊल शोधलं. "हिला बी तसंच असंल. पर हिला ठावं नाय ना, दुधाच्या पल्याड काय हाय ते."

साडेनऊपासून तृप्तीला भूक लागायला लागली. आधी मूठ चोखली. मग मुठीवर चिडली. मग माझ्या खांद्याला तोंड घासत रडली, आणि ती रडली की माझं दूध उतरायचं, आणि दूध उतरलं की वास यायचा, आणि वास आला की ती आणखी रडायची. खोलीत चार पावलं तिकडे, चार पावलं इकडे. शेवटी ती खांद्यावरच झोपली. आदल्या रात्री मी मिनिटभरही डोळा मिटला नव्हता. खाटेवर भिंतीला टेकून बसले. समोरच्या घड्याळात दहा वीस झाले होते. पडद्यातून येणारा उजेड हिरवा होता, विहिरीच्या तळाशी असतो तसा. सरुबाईंच्या बाटलीतला थेंब फुगायचा, थांबायचा, पडायचा. मी पुढच्या थेंबाची वाट बघत राहिले.

मग तो थेंब आमच्या मळ्यात पडला.

मळा आमचाच होता, शेवंतीचा, पण उजेड तोच हिरवा. ठिबकच्या काळ्या नळ्या आतून उजळल्या होत्या. प्रत्येक रोपाच्या बुडाशी एकेक थेंब पडत होता आणि तो दुधाचा होता. जमीन पीत होती. तिचा आवाज येत होता, गुटुक, गुटुक. मी सरीतून चालले होते. यातल्या एका रोपाखाली तृप्ती आहे हे मला माहीत होतं, आणि घाई नव्हती. कितीतरी दिवसांनी घाई नव्हती. मग ती दिसली. मातीवर उताणी, तोंड उघडं, थेंब बरोबर ओठांवर. मी तिच्यापाशी वाकले. छातीत त्या ओळखीच्या मुंग्या आल्या, आणि सगळा मळा माझ्या अंगातून उतरून हलका झाला.

डोळे उघडले तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

तृप्ती खांद्यावर नव्हती. मांडीवर होती, डाव्या कुशीत, पाजताना मी घेते तशी. ओठ ओले. मूठ उघडी. भुकेली असली की ती मुठी मिटून झोपते. माझा ब्लाऊज भिजला होता, चिकटपट्टीचं एक टोक सुटून लोंबत होतं आणि खालचा हुक उघडा होता.

मी हललेच नाही. पान्हा वाहिला असेल, त्या ओलीने गोंद सुटला असेल. हुक मी सकाळच्या गडबडीत लावलाच नसेल. ओठ काय, लाळेनेही ओले होतात. डावीकडे हात लावून बघितला. सकाळपासून दगड झालेली बाजू मऊ होती. पण दूध वाहून गेलं तरी ती मऊच होणार. जिथे हात लावावा तिथे दोन-दोन कारणं, आणि दोन्ही खरी वाटत होती.

मी पट्टीचं टोक अंगठ्याने दाबलं. ते पुन्हा चिकटलं. उपाशी, सकाळी ८ पासून.

साडेअकराला कला सिस्टर थेंबांची बाटली घेऊन आली. "बाहुली मोठी करायचे थेंब. दर दहा मिनिटांनी एक, चार वेळा. दार सताड उघडल्याशिवाय मॅडम आतलं सामान काढणार कशा?" तिने तृप्तीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून थेंब सोडला आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरला. "इथून औषध नाकात उतरतं, तिथून अंगात. एवढ्याशा जिवाला तेवढंही पुष्कळ होतं." मग पट्टीकडे बघत सहज म्हणाली, "पाजलं नाही ना?"

"नाही."

शब्द इतका सरळ गेला की क्षणभर मलाच खरा वाटला.

दुसऱ्या थेंबानंतर तृप्तीची बाहुली पसरायला लागली. डोळ्यातला तपकिरी भाग कडेकडेला सरकत गेला, पाण्यात दगड टाकल्यावर गोल पसरत जावा तसा. आणि दार उघडत गेलं तसं आतलं पांढरं दिसत गेलं. मला वाटलं होतं एक ठिपका असेल. ठिपका नव्हता, पडदा होता. भिंतभर. माझी मुलगी चार महिने त्या पडद्याच्या आत बसून माझा वास घेत होती.

"सरुबाई," मी हळूच हाक मारली. "मघाशी मी झोपले होते ना, तेव्हा तुम्हाला काही ऐकू आलं?"

"काय?"

"ही दूध पीत होती का?"

त्या बाटलीच्या नळीवरून बोट फिरवत राहिल्या. "गुटुक गुटुक वाजत व्हतं खरं. पर ह्या बाटलीत बी बुडबुडं वाजतंय. माझं पोट बी वाजतंय, सकाळपून घोटभर च्या नाय. मला आंधळीला काय इचारती?"

"कुणाला विचारू मग?"

"माझ्या धाकट्याला मी झोपंतच पाजायची," त्या म्हणाल्या. "दिसभर भातात वाकून यायचं, मग कसली शुद्ध. सकाळी सासूला इचारायची, पोरगं प्यालं का? ती हसायची. म्हनायची, तुला नाय ठावं तर मला कसं ठावं गं बाई."

बाराला ज्ञानेश आले. बाहीला निशिगंधाचा वास, केसांत एक पिवळी पाकळी अडकलेली. "चला, तासाभराचा प्रश्न राहिला," म्हणून त्यांनी चहाचा थर्मास खाटेखाली ठेवला. मी त्यांना सगळं सांगितलं, एका दमात, पट्टीकडे बघत.

ते कडेला टेकले. "तुला स्वप्न पडलं."

"हो."

"मग स्वप्नच ते."

"स्वप्नही पडलं असेल आणि पाजलंही असेल."

"खात्री आहे तुझी?"

"नाही ना."

"खात्री नाही तर तोंड कशाला उघडायचं, सुवर्णा? मॅडम काय म्हणाल्या, ऐकलंस ना? तीन आठवडे. तीन आठवडे नाहीयेत हिच्याकडे." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी तृप्तीचं पाऊल मुठीत धरलं होतं आणि अंगठ्याने तिची बोटं मोजल्यासारखी एकेक दाबत होते. "आपण सांगायचं, ते रद्द करायचे, आणि नंतर कळायचं की काहीच नव्हतं. मग?"

मी मनात तृप्तीला मोठी करून बघितलं. न दिसणारी, भिंतीला हात लावत चालणारी, फुलं हुंगून रंग विचारणारी. ते सगळं मला दिसलं. दुखलं, पण दिसलं. मग भुलीच्या टेबलावर तिच्या श्वासात दूध गेलेलं बघायला गेले आणि तिथे काहीच दिसेना. पुढे काही नव्हतंच.

मी हुकांवरची पट्टी ओढून काढली, तृप्तीला उचललं आणि बाहेर पडले. मागून ज्ञानेशच्या चपलांचा आवाज आला. थांबवायला येताहेत की सोबत, ते मी वळून बघितलं नाही.

देवरे डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीबाहेर छोट्या टेबलाशी सिरिंजांवर औषधांची नावं चिकटवत होते. बारीक अंगाचा, देवळ्याकडचा माणूस. मोठ्यांशी शुद्ध बोलायचे, बाळांशी अहिराणीत. "काय वं माय, भूक लागनी का?" त्यांनी तृप्तीला विचारलं.

"डॉक्टर, मी कदाचित हिला पाजलंय."

"कदाचित म्हणजे?"

"झोपेत. मला माहीत नाही. स्वप्न पडलं होतं, आणि जागी झाले तर ही मांडीवर..."

कला सिस्टर आतून बाहेर आली होती. "मला तर नाही म्हणालात!"

"खोटं बोलले."

हातातली चिकटपट्टी मी टेबलावर ठेवली. ती ओली होती, शाई थोडी पसरली होती. डॉक्टरांनी ती उचलून उजेडात धरली. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "किती वाजता?"

"दहा वीसला घड्याळ बघितलं होतं. उठले तेव्हा अकरा दहा."

"मग अकरा दहाच धरू. स्वप्न संपलं तिथून मोजायचं." ते बोटांवर मोजायला लागले. "आईचं दूध पोटातून उतरायला चार तास. म्हणजे तीन दहा. दोनला माझं ओझरला सिझर आहे. तिथून निघून साडेतीनपर्यंत येतो. मॅडमना सांगतो, पेठच्या आजींना आधी घ्या, त्यांना डोळ्यापुरतं इंजेक्शन पुरतं, माझं काम नाही." मग आमच्या दोघांकडे बघून म्हणाले, "पण हे ऐकून ठेवा. चारला मॅडमची ओपीडी सुरू होते. तिकडे काही अडलं आणि मी अडकलो, तर आज होणार नाही. त्याला माझा इलाज नाही."

"चालेल," हे ज्ञानेश म्हणाले. माझ्या मागून, घसा खाकरून. मग घाईने, "आणि डॉक्टर, रक्त लागलं तर माझं घ्या. मी सकाळी जेवून निघालोय, अंगात भरपूर आहे."

देवरे डॉक्टर पहिल्यांदा हसले. "भाऊ, हिच्या अंगात सगळं मिळून अर्धा लिटर रक्त. आणि या ऑपरेशनात थेंबभरही जात नाही. तुमचं तुमच्यापाशी असू द्या."

अर्धा लिटर. सकाळी दारात येते ती दुधाची छोटी पिशवी. तेवढ्यावर हे सगळं चाललं होतं : हे रडणं, हे हुंगणं, या मिटणाऱ्या मुठी.

त्यांनी तृप्तीच्या हाताला बारीक सुई लावली, हाताखाली कापसात गुंडाळलेली पट्टी बांधली आणि वर एक छोटी बाटली टांगली. "हिला आता पाच नाही, साडेसात तास उपाशी राहायचंय. अंगातलं पाणी आणि साखर उतरू नये म्हणून हे. सहा किलो वजन, किलोला तासाला चार मिली, म्हणजे चोवीस. या बारीक नळीत मिनिटाला चोवीस थेंब पडले की तेवढंच होतं. चोवीसच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढ्या जिवाला पाणी जास्त झालेलंही सोसत नाही." चाक फिरवून त्यांनी थेंब लावला. "भुकेला मात्र माझ्याकडे औषध नाही, ताई."

"आमच्या ठिबकलाही तासाला चारच," ज्ञानेश म्हणाले. "फक्त लिटर."

"मग तुम्हीच मोजा. तुमचाच धंदा."

कला सिस्टरने या वेळी दोन पट्ट्या लावल्या. एक हुकांवर, एक वर छातीवर, ठळक अक्षरांत : ३-१०. "ही मला दारातून दिसली पाहिजे," ती म्हणाली. माझा ब्लाऊज गडद जांभळा होता. पट्टी त्याच्यावर चुना लावल्यासारखी उठून दिसत होती. जाता जाता तिने माझ्या दंडाला हात लावला, एवढाच, आणि गेली.

नंतरचा वेळ मला सलग आठवत नाही. ज्ञानेश मनगटावरचं घड्याळ बाटलीशेजारी धरून उभे होते, ओठ हलत होते. चोवीस. पुन्हा एक. ऊन पडद्यावरून फरशीवर उतरलं, फरशीवरून खाटेच्या पायापर्यंत आलं. तृप्ती रडत होती, थकत होती, पुन्हा रडत होती. मी जवळ घेतलं की जास्त रडायची, माझा वासच तिला छळत होता. ज्ञानेशच्या खांद्यावरही थांबेना.

दोनच्या सुमाराला सरुबाईंना परत आणलं, एका डोळ्यावर पांढरी पट्टी बांधून. त्यांनी पडल्यापडल्याच ऐकलं आणि हात पुढे केला. "हिकडं आन तिला. माझ्या अंगाला दुधाचा वास नाय."

"आजी, डोळ्याला धक्का लागेल," सिस्टर म्हणाली.

"डोळ्याला लागंल, पोटाला तर नाय ना लागनार."

उशी लावून त्यांना टेकवून बसवलं आणि तृप्तीला पोटाशी दिलं. ज्ञानेश नळी सांभाळत वाकून उभे. सरुबाई गाणं म्हणत नव्हत्या, नुसत्या एकसारखं काहीतरी पुटपुटत होत्या. भाताचं, नागलीचं, कुठल्या बैलाचं. तृप्तीने त्यांच्या अंगाला नाक लावलं. तिथे धूर होता, माती होती, तंबाखू होती, दूध नव्हतं. दोन-तीन वेळा हुंदके देऊन ती गप्प झाली. मी दाराच्या बाहेर, वासाच्या पलीकडे बसून त्यांच्याकडे बघत राहिले. थेंब फुगायचा, थांबायचा, पडायचा. या वेळी मी झोपले नाही. पण सगळं स्वप्नातल्यासारखंच दिसत होतं, तेवढंच हिरवं, तेवढंच सावकाश.

पावणेतीनला पुन्हा बाहुलीचे थेंब सुरू झाले. तीन दहा झाले. साडेतीन झाले. दवाखान्याच्या दारात ओपीडीची माणसं चपला काढायला लागली. तीन चाळीसला ज्ञानेशचे ओठ मोजायचे थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, आता म्हणतील. ते म्हणाले, "बरोबर केलंस तू," आणि पुन्हा बाटलीकडे वळले. "एक. दोन."

ते सतरावर असताना अंगणात गाडीचा दरवाजा आपटला.

"मुलगी झाली तिकडे," देवरे डॉक्टर बाह्या सारत आत आले. "बाप पेढे घ्या म्हणून गाडी अडवून उभा. चाल वं माय." त्यांनी तृप्तीला सरुबाईंच्या कुशीतून उचललं. ती रडली नाही. त्यांच्या खांद्यावरून तिची ती सताड उघडी, पांढरी बाहुली माझ्या दिशेला होती. मला ती दिसत होती. दार लागलं.

तास गेला. सरुबाईंनी माझा हात धरून ठेवला होता.

मॅडम आधी बाहेर आल्या. "छान झालं," एवढंच म्हणून ओपीडीकडे गेल्या. देवरे डॉक्टर मागून आले, मास्क गळ्यात. मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. "नळी घालून बघितलं. पोट रिकामं होतं."

"म्हणजे मी पाजलंच नव्हतं?"

"ते कुठे म्हटलं मी?" ते डोळे चोळत म्हणाले. "तीन वाजून गेल्यावर ते रिकामंच असायला हवं. एकला काय होतं ते आता मला कळणार नाही, तुम्हालाही नाही." टेबलावर माझी सकाळची ओली पट्टी तशीच पडली होती. तिच्याकडे बघत ते म्हणाले, "आणि एकला मला ते बघायचंही नव्हतं."

संध्याकाळी सिस्टरने हुकांवरची पट्टी काढली. तृप्ती आधी अर्धवट गुंगीत दोन घोट प्यायली, मग जागी होऊन अशी तुटून पडली की मी ओरडलेच. "हां, आता नावाला शोभते," सिस्टर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी तिच्या डोळ्यावरची पट्टी सोडली, टॉर्च मारून बघितलं, बाहुली मोठीच ठेवायचे थेंब लिहून दिले. महिनाभरात जाड भिंगाचा चष्मा लागेल, दुसरा डोळा त्या परत आल्यावर. कोपरा कसा दाबायचा ते सिस्टरने माझं बोट धरून पुन्हा दाखवलं. सरुबाईंचीही पट्टी निघाली होती. त्या खाटेवर बसून स्वतःचेच हात उलटसुलट करून बघत होत्या. "लय काळी झाले गं मी," असं म्हणाल्या, पण तक्रारीने नाही.

मी तृप्तीला घेऊन खिडकीशी बसले. ती पीत होती, डोळा उघडा. बाहुली अजून मोठी होती, काळी, जांभळासारखी तुकतुकीत. आत पांढरं काही नव्हतं. तो डोळा इकडे तिकडे तरंगत होता, कशालाही न धरता, विहिरीत पडलेल्या पानासारखा.

मग तिने पिणं थांबवलं. तोंडात दूध तसंच. डोळा थांबला.

माझ्या चेहऱ्यावर नाही. मी वाट बघत होते, पण चेहऱ्यावर नाही. थोडा खाली. काल कला सिस्टरने छातीवर लावलेली पट्टी काढायची राहून गेली होती, जांभळ्यावर पांढरी. मी श्वास घेतला, पट्टी वर सरकली, डोळा वर आला. मी श्वास सोडला, तो खाली गेला.

"अहो," मी ज्ञानेशना हाक मारली, अगदी हळू. "इकडे या. मोठ्याने बोलू नका."

ते आले आणि वाकून उभे राहिले. बराच वेळ आम्ही दोघं श्वाससुद्धा जपून घेत होतो.

"काय बघतंय लेकरू?" पलीकडून सरुबाईंनी विचारलं. आणि मग त्यांनाही दिसलं. "ते पांढरं व्हय? काय लिव्हलंय त्याच्यावर?"

"तीन दहा. तोपर्यंत हिला दूध द्यायचं नव्हतं."

"मग काढ की आता ते."

मी पट्टीच्या टोकाला हात लावला. तृप्तीचा डोळा माझ्या बोटावर आला. मी हात खाली घेतला, पदर आणखी बाजूला सारला आणि ती पट्टी तिला बघू दिली.